डावा हात मोकळा

धाकट्या बहिणीनं लिहिलेली रचना थोरलीच्या हातात पडली ती सभागृहाच्या व्यवस्थापकाच्या खोलीत, आणि तिनं ती उघडली ती शेवटच्या पानापासून. ही तिची जुनी खोड. वडील शिकवायचे तेव्हाच म्हणायचे, शेवट कुठे आहे ते आधी बघून घे, म्हणजे वाटेत उगाच दम खर्च होत नाही. शेवटच्या पानावर एक हळू कॉर्ड होती, एकत्र दाबून धरायच्या सुरांची. उजव्या हातात चार सूर, पायाखाली एक. डाव्या हाताच्या ओळीत सूर नव्हतेच, नुसती अक्षरं होती. 'डावा हात मोकळा. वादक स्वतः डाव्या हातानं मोटर बंद करते. आवाज लगेच तुटतो.'

तिनं ते पुन्हा वाचलं. मग पानं मिटली आणि व्यवस्थापकाकडे बघून म्हणाली, "पाणी मिळेल का?"

व्यवस्थापक गोल चेहऱ्याचा, सदा खुशीत असणारा माणूस. जगात भांडणं असतात हे त्याच्या कानावर असावं, पण त्याचा त्यावर विश्वास नव्हता. "दोघी बहिणी, वडिलांचं वाद्य, आणि वडिलांच्याच आठवणीत नवीकोरी रचना," तो पाणी ओतत म्हणाला. "पोस्टरवर काय दिसेल सांगा. 'श्वास. एकट्या पाइप ऑर्गनसाठी.' नावसुद्धा कसं छान निवडलंय तुमच्या बहिणीनं."

"छान आहे," थोरली म्हणाली. श्वास म्हणे. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती, पण तिनं पाणी शांतपणे संपवलं आणि पेला जागेवर ठेवला.

नाही म्हणणं सोपं होतं. एक शब्द टाकायचा आणि घरी जायचं. पण मग व्यवस्थापकानं बाहेरचा कुणी वादक बोलावला असता, आणि त्या बाकावर परका माणूस बसलेला तिला चालला नसता. तो बाक वडिलांनी आयुष्यभर झिजवला होता आणि त्यांच्यानंतर ती झिजवत होती. सभागृहाची अख्खी मागची भिंत म्हणजे ते वाद्य. माणसाच्या दुप्पट-तिप्पट उंचीच्या नळ्या पुढे, पेन्सिलीएवढ्या नळ्या आत, आणि त्यांच्यामागे एका अंधाऱ्या खोलीत एका पलंगाएवढा भाता. तळघरातली मोटर, जिचं बटण बाकाच्या डाव्या हाताला आहे, त्या भात्यात हवा भरते आणि हाताखालची किंवा पायाखालची पट्टी दाबली की हवा नळीत शिरते. बाकीच्या वाद्यांना वादक लागतो, याला आधी वारा लागतो. वडील गमतीनं म्हणायचे, हे एकच वाद्य आहे जे माझ्याआधी श्वास घेतं.

धाकटी या बाकावर कधी बसली नाही. तिला वडिलांनी बसवून पाहिलं, पण ती सारखी उठून पळायची. पुढे ती पळत पळत पार दूर गेली, संगीत लिहायला लागली, नाव कमावलं. नाव कमावलं हे खरंच होतं, त्यात थोरलीला खोट काढता येत नव्हती. ती संगणकावर लिहायची. त्यात ऑर्गनचा आवाज होता, व्हायोलिनचा होता, बटण दाबलं की वाजायचा आणि बटण सोडलं की थांबायचा.

दोघींमध्ये बोलणं असं उरलंच नव्हतं. वडील गेले तेव्हापासून. धाकटी नातेवाइकांना जे सांगायची ते फिरून फिरून थोरलीच्या कानावर यायचं: बाबा श्वासाच्या मशीनवर होते, मी येते म्हणून सांगितलं होतं, काही करू नकोस म्हणून सांगितलं होतं, आणि हिनं मान डोलावली आणि मशीन काढायला लावलं. एक दिवस हिच्याच्यानं थांबवलं नाही. हे तिनं मावशीला सांगितलं, आत्याला सांगितलं, आणि आता तर सुरांत बसवून भर सभागृहात सांगायला निघाली होती. वर ते सांगायला हात कुणाचा वापरायचा, तर थोरलीचाच.

तालमीला धाकटी आली ती थेट बाकाशीच. "ताई," एवढंच म्हणाली आणि डावीकडे उभी राहिली. अशा रचनेला खुंट्या ओढायला दुसरं माणूस लागतं, कारण वादकाचे हात आणि पाय दोन्ही अडकलेले असतात. वाद्याच्या दोन्ही अंगांना लाकडी खुंट्यांच्या रांगा. एकेक खुंटी ओढली की नळ्यांची एकेक फौज जागी होते. रचनेचं नाव 'एकट्या ऑर्गनसाठी' आणि काम दोघींचं, असला प्रकार. व्यवस्थापकानं कुणीतरी माणूस देऊ केला होता, पण धाकटीनं नको म्हटलं होतं. "कुठली खुंटी किती ओढायची हे मलाच कळतं," ती म्हणाली होती.

आणि खरंच तसं होतं. धाकटी खुंट्या पूर्ण ओढतच नव्हती, अर्ध्यावर आणून सोडत होती. मग नळ्यांना पुरती हवा मिळेना. त्या घरघरायला लागायच्या, सूर लागतो लागतो म्हणेपर्यंत सुटायचा. पायाखाली एकच खालचा सूर सुरुवातीपासून धरून ठेवलेला, आणि त्याच्यावर ही घरघर, आत, बाहेर, आत, बाहेर, एका ठरलेल्या चालीत. वडिलांच्या मशीनची ती चाल थोरलीला तिसऱ्या ओळीलाच ओळखू आली. इस्पितळातल्या त्या खोलीत खुर्चीवर बसून तिनं ती इतकी ऐकली होती की झोपेतही तिची बोटं चादरीवर तीच चाल धरायची. धाकटीनं ती फक्त फोनवरून ऐकली होती, मागे वाजत असताना. तेवढ्यावरून तिनं इतकं हुबेहूब उतरवलं होतं.

रचना चांगली होती. हेच सगळ्यात झोंबत होतं. भिकार असती तर थोरलीनं हसून वाजवून टाकली असती.

"इथे तू घाई करतेस," धाकटी म्हणाली.

"लिहिलंय तसंच वाजवतेय."

"लिहिलंय, थांब. खुणेवर थांब. वर खूण दिलीय."

"दिसली."

"दिसली तर थांब ना. तुला थांबायची सवयच नाही, त्याला मी काय करू?"

समोरच्या खुर्चीत बसलेला व्यवस्थापक हसला. बहिणी-बहिणींची थट्टामस्करी चालली आहे असं त्याला वाटलं असावं. थोरलीनं पान उलटलं आणि खुणेवर थांबली, इतका वेळ थांबली की धाकटीला "पुरे" म्हणावं लागलं.

शेवटच्या पानाशी आल्यावर थोरलीनं हात उचलले. "पुढचं नाही."

"का?"

"मोटर जुनी आहे. सूर दाबलेले असताना ती बंद करत नाहीत. बाबांचा नियम होता, तुला माहीत नसेल. कार्यक्रमाच्या दिवशी करेन, एकदाच."

"मला एकदा ऐकायचंय, आवाज तुटतो तो."

"तुझ्या संगणकात ऐकलाहेस ना? मग झालं."

धाकटी कागद गोळा करायला लागली. मग थोरलीलाच ऐकू जाईल इतक्या हळू म्हणाली, "बरोबर आहे. तुला कशाला हवी तालीम? तू एकदा केलेलंच आहेस."

थोरलीनं झाकण लावलं, कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. पर्सची चेन तिला दोनदा ओढावी लागली.

त्या आठवड्यात वाद्याचे सूर लावायला म्हातारे काका आले. हे वडिलांचे दोस्त. नळ्यांच्या आत वाकून काम करून करून पाठीला बाक आलेला. थोरलीला ते अजून 'पोरी'च म्हणायचे. त्यांनी रचनेचं शेवटचं पान चष्मा वर करून वाचलं आणि ओठ पुढे काढले.

"पोरी, हे असं व्हायचं नाही."

"काय?"

"हे लगेच वगैरे. मोटर बंद केली तरी भाता भरलेला असतो. त्यात हिनं हळू खुंटी लावलीय, चार-पाच नळ्या फक्त. एवढ्याशा नळ्यांना तो वारा कितीतरी वेळ पुरेल. आवाज खाली खाली जाईल, पण जाईल आपल्या सवडीनं. तुला आठवतं ना, तुझे बाबा वाजवत होते आणि वीज गेली होती?"

"आठवतं." ती तेव्हा बाकाशेजारी उभी होती. दिवे गेले आणि सूर मात्र अंधारात चालूच राहिला, हळूहळू खचत. वडिलांनी बोटं उचलली नव्हती. संपल्यावर म्हणाले होते, त्याचं त्याला संपू द्यावं.

"मग तिला सांगायला नको? फजिती होईल तिची."

"नका सांगू, काका."

काकांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग हत्यारं उचलली आणि नळ्यांच्या मागे गेले. फजिती होऊ दे, असंच तेव्हा थोरलीच्या मनात होतं. चारचौघांत एकदा तिचं 'लगेच' तिच्या घशात जाऊ दे. दुसरंही काही मनात होतं, पण ते तिनं अजून स्वतःशीही धड बोलून पाहिलं नव्हतं.

कारण ते 'लगेच' धाकटीचं नव्हतंच. ते थोरलीचं होतं.

झालं होतं ते असं. वडिलांची फुफ्फुसं संपली होती. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं की मशीन काढावं लागेल, आणि वडिलांनी तर शुद्धीत असतानाच बजावून ठेवलं होतं की मला त्या यंत्राला बांधून ठेवू नका. थोरलीनं धाकटीला फोन केला. "निघ. आत्ता निघ." धाकटी म्हणाली, संध्याकाळी माझ्या रचनेचा पहिला प्रयोग आहे, तो झाला की पहिल्या विमानानं येते, तोवर काही करू नकोस. थोरलीनं दुपारपर्यंत वाट पाहिली. वडिलांची बोटं चादरीवर चिमटीत काहीतरी पकडू बघत होती, ते तिच्याच्यानं बघवेना. तिनं डॉक्टरांकडे बघून मान डोलावली आणि त्यांनी मशीन काढलं.

आणि वडील गेले नाहीत. आपल्या आपण श्वास घेत राहिले. उथळ, खरखरीत, पण घेत राहिले. दुपार गेली, संध्याकाळ गेली, तिकडे धाकटीच्या रचनेला टाळ्या पडल्या असतील तीही वेळ गेली, रात्र गेली, आणि प्रत्येक वेळी दार वाजलं की ते डोळे उघडून दाराकडे बघायचे. उजाडल्यावर गेले. धाकटी आली तेव्हा त्यांचा हातसुद्धा पुरता गार झाला नव्हता. तिनं दारातच विचारलं, "कधी?" थोरलीनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सांगितलं असतं तर ती तिथेच कोसळली असती. थोरली म्हणाली, "काल दुपारी. मशीन काढलं आणि लगेच गेले." डॉक्टर काही बोलले नाहीत, नर्सही काही बोलली नाही. धाकटी वडिलांच्या हाताला हातही न लावता थोरलीच्या अंगावर धावून गेली होती, आणि थोरलीनं मार खाल्ला होता. खरं सांगण्यापेक्षा तो सोपा वाटला होता.

ते खोटं तिनं इतकी वर्षं पदराखाली सांभाळलं. आणि जिच्यासाठी सांभाळलं तिनं त्याची रचना करून आणली.

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरलं. पहिल्या रांगेत मावशी होती, काळ्या शालीत, रुमाल आधीच हातात. व्यवस्थापकानं भाषण केलं आणि धाकटीला दोन शब्द बोलायला सांगितलं. धाकटी दोन शब्दांवर थोडीच थांबणार.

"ही रचना आमच्या बाबांच्या शेवटच्या श्वासाची आहे," ती म्हणाली. आवाज स्वच्छ, कुठेही न अडखळता. "शेवटी वादकाचा एक हात मोकळा राहतो. तो मोकळा हात काय करतो, ते नीट बघा. मला एवढंच सांगायचं होतं."

सगळ्यांच्या नजरा थोरलीच्या हातांवर गेल्या. मावशीची तर गेलीच. थोरली बाकावर पाठमोरी बसली होती, तरी तिला त्या नजरा मानेवर जाणवल्या. तोवर तिचं ठरलं होतं, की बटण दाबायचं, काकांनी सांगितलं तसं आवाज रेंगाळेल, धाकटीची फजिती होईल, आणि घरी जायचं. ते वाक्य ऐकल्यावर ठरलेलं सगळं मोडलं. तो हात मी देणार नाही, असं तिनं मनात म्हटलं. या वेळी नाही.

ती वाजवत गेली. कधी वाजवलं नव्हतं इतकं चांगलं वाजवलं, रागानं बोटं हलकी झाली होती. धाकटी डावीकडून खुंट्या ओढत होती, अर्ध्यावर सोडत होती, पानं उलटत होती, आणि दोघींचे हात एकमेकींना न शिवता एकमेकींच्या वरून जात होते. घरघर चढली, दाटली, उतरली. शेवटचं पान आलं. सगळ्या खुंट्या आत गेल्या, एकच हळू खुंटी बाहेर उरली. उजव्या हातात चार सूर, पायाखाली एक.

मग थोरलीनं डावा हात वर आणला आणि उजव्या हातातले खालचे दोन सूर डाव्या हातात घेतले. पट्टी एकही सुटली नाही, एकही नवी लागली नाही. रचनेत काडीचा फरक पडला नाही. फक्त मोकळा हात कुठे उरला नाही.

"ताई," धाकटी ओठ न हलवता म्हणाली. "मोटर."

"हात रिकामा नाही."

"डावा मोकळा लिहिलाय मी."

"तुझ्यासमोरच आहे बटण. तू कर."

कॉर्ड चालूच होती. प्रेक्षकांत कुणीतरी खोकलं. ज्यांना नीट बघायला सांगितलं होतं ते नीट बघत होते.

"हे तू मुद्दाम करतेयस," धाकटी म्हणाली.

"हो."

"सगळ्यांसमोर."

"तूच बोलावलंस सगळ्यांना. कर बंद. एकदा तुझ्या हातानं कर."

धाकटीनं दात आवळले आणि बटण दाबलं. तळघरातली घुरघुर, जी इतका वेळ चालू होती म्हणून कुणाला ऐकूच येत नव्हती, ती थांबली. कॉर्ड थांबली नाही. धाकटीनं पुन्हा बटणाकडे पाहिलं, अंगठ्यानं पुन्हा दाबून धरलं.

"बंद नाही झाली."

"झालीय."

"मग हे काय वाजतंय?"

"आत भरलेलं असतं ते. संपेपर्यंत चालतं."

सूर आता खचायला लागले होते. आधी पायाखालचा मोठा सूर डळमळला, बसला, पुन्हा उठला. वरचे चार कणाकणानं खाली सरकत होते, बेसूर होत होते, पण सोडत नव्हते. मध्येच आवाज इतका बारीक झाला की संपला असं वाटावं, आणि मग कुठूनसा पुन्हा यायचा. सभागृहात कुणी हलत नव्हतं. धाकटीचा अंगठा बटणावरच राहिला होता. तिनं आयुष्यभर आवाज ऐकायचं काम केलं होतं. तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थोरलीला डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिचा चेहरा दिसत होता, आणि तो हळूहळू उतरत गेला.

"तू म्हणाली होतीस, लगेच," धाकटी म्हणाली.

 थोरलीनं बोटं तशीच दाबून धरली.

"ताई. किती वेळ?"

"उजाडेपर्यंत."

सगळ्यात वरची एक बारीक नळी उरली होती. ती शिट्टीसारखी, जवळजवळ नुसत्या वाऱ्यासारखी वाजत होती.

"मी तेव्हाच निघाले असते तर?"

याचं उत्तर थोरलीकडे कितीतरी वर्षं तयार होतं. रागाच्या भरात ते किती वेळा जिभेवर आलं होतं, आणि तिनं ते गिळलं होतं. आज ते देताना बरं वाटेल, असं तिला वाटलं होतं.

"पोचली असतीस," ती म्हणाली. बरं वाटलं नाही.

शेवटची नळी थांबली. थोरलीनं बोटं तरीही उचलली नाहीत. मग उचलली. टाळ्या फुटल्या. लोक उभे राहिले, मावशी रुमालात तोंड खुपसून रडत होती, व्यवस्थापक पहिल्या रांगेतून दोन्ही हातांनी 'उठा, वाका' अशा खुणा करत होता. हा शेवट असाच बांधलेला आहे, असं सगळ्यांना वाटलं होतं. त्यांच्या आयुष्यात त्यांनी यापेक्षा चांगला शेवट ऐकला नव्हता.

धाकटीचा अंगठा अजून बटणावरच होता. थोरलीनं तिचं मनगट धरून हात बाजूला घेतला. धाकटीनं तो हिसडा देऊन सोडवला.

दोघी पुढे आल्या, दोघींच्या मध्ये एक माणूस मावेल इतकं अंतर ठेवून. दोघी वाकल्या. मान खाली असतानाच धाकटी म्हणाली, "ते खोटंच बरं होतं."

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "म्हणून तर बोलले होते."